अण्णांची गोड पानं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या कोठी भागातल्या आमच्या औषधाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला दम देत होतो. आठ दिवस गोळी चुकवलीत, शुगर म्हणजे काय चेष्टा वाटली? फोनवर वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘भाऊजी, हे गेले…’ मी त्या माणसाच्या गोळ्या पिशवीत घालून दिल्या आणि मग स्टुलावर बसलो.

अण्णा माझे थोरले भाऊ. वडील गेल्यावर सिकंदराबादच्या रेल्वे ऑफिसातल्या पगारात त्यांनीच मला शिकवलं, त्यामुळे त्यांना उलटून बोलायची सवय मला कधी लागलीच नाही. त्यांना शुगर निघाली तेव्हा दिवसाला सहा इराणी चहा चालायचे. ‘बिनशक्करची चाय म्हणजे काढा रे,’ म्हणत ते तोंड पाडून बसले. मला बघवेना. मी नर्सरीतून स्टीव्हियाचं, म्हणजे गोड पानांचं, रोप आणून काचीगुड्यातल्या त्यांच्या बाल्कनीत लावलं. वाळल्या पानांची चिमूटभर पूड कपाला पुरते, जिभेवर जरा कडसर चव रेंगाळते, पण रक्तातली साखर त्याने वाढत नाही. सरबतात, खिरीतही चालते. हे सगळं मी हौसेने सांगितलं. हे औषध नव्हे, हेही सांगितलं, पण जाता जाता.

महिनाभरात त्यांची शुगर खरंच उतरली. उतरणारच, सहा कपांतली साखर सुटली होती! अण्णांनी श्रेय पानांना दिलं आणि मला. मग त्या होळीला वहिनींकडून गुळाऐवजी पानांची पूड घालून पुरण करवून घेतलं. गूळ नाही म्हणून ते कोरडं झालं, पोळ्या लाटताना फाटल्या, तरी अण्णांनी पाच खाल्ल्या.

‘अण्णा, डाळ आणि कणीक आहेच की, त्याचीही साखरच होते,’ मी म्हणालो.

‘कायकू टेन्शन घेतोस? शक्कर पोटात गेलीच नाही, तर रक्तात येणार कुठून?’

मी हसलो. आजही त्या हसण्याची मला लाज वाटते. उन्हाळ्यात वहिनींनी हळूच सांगितलं की अण्णांनी शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. मी चार वेळा विषय काढला. चौथ्यांदा अण्णा म्हणाले, ‘मी शिकवलं तुला, आता तू मला शिकवतो?’ मी तो विषय पुन्हा काढला नाही. दुकानात परक्यांवर खेकसणारा मी… दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चपलेने अण्णांचा अंगठा सोलला, जखम चिघळली, आधी बोट गेलं, मग पाऊल. दवाखान्यात मी रोज जायचो. नुसता पायथ्याशी बसून राहायचो, जिथे पाऊल नव्हतं त्या बाजूला.

अण्णांचे दिवस झाल्यावर वहिनींकडे गेलो होतो. शेजारच्या लक्ष्मीगारू, म्हणजे लक्ष्मीबाई, दारात आल्या. ‘भैया, एक डाली देते क्या? हमारे इनको भी शुगर है.’ मी फांदी तोडून दिली आणि निक्षून सांगितलं, गोळी सोडायची नाही. त्या समजूतदारपणे मान हलवत म्हणाल्या, ‘अन्नागारू तो बोलते थे, इसके बाद गोली की जरूरतच नहीं.’

मी बाल्कनीतून वाकून पाहिलं. खालच्या मजल्यावर त्याच रोपाची कुंडी, समोरच्या इमारतीत दोन, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या दारातही एक. अण्णा सगळ्यांना रोपं वाटत आणि सोबत हा सल्लाही. कुणाकुणाचं दार ठोठावणार होतो मी? तरी खाली उतरलो आणि पहिली बेल वाजवली. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझे दोन्ही हात धरले. ‘अण्णांचे भाऊ ना तुम्ही? देवमाणूस होता हो… बसा.’ त्यांनी चहा आणून ठेवला. ‘त्यांच्याच झाडाचा आहे. आमच्या गोळ्या सुटल्या त्यांच्यामुळे.’

त्यांचे डोळे भरून आले होते. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो, चांगला झालाय म्हणालो आणि उठून घरी आलो.