भिंतीवरचा हात

माझा मामा नळाची कामं करतो. तीस वर्षं करतोय, आणि अजूनही कुणाच्या घरी गेला की पाणी पिण्याआधी बेसिनखाली वाकून बघतो. त्याच्या खिशातून वॉशर सांडत असतात, त्यामुळे तो येऊन गेल्याचं आमच्याकडे केर काढताना कळतं. बोलणं मोजकं, आणि त्यातलंही निम्मं पाइपांशी.

त्याच्या कामाची एक तऱ्हा आहे. भिंतीत खाच पाडून पाइप बसवला, पाणी सोडून सांधे तपासले, की गवंड्यानं प्लास्टर मारायच्या आत तो घरातल्या कुणाला तरी बोलावतो. पाइप जिथं वळतो नेमका तिथं त्यांना तळहात ठेवायला लावतो आणि फोटो काढतो. एकदा प्लास्टर झालं की आतला पाइप कुठं आहे हे घरमालकालाही सांगता येत नाही. मामा फोटो उघडून सांगतो. टेप लावून मापं लिहून ठेव, असं मी त्याला शंभरदा सांगितलं असेल.

"आकडे मी विसरतो," तो म्हणतो. "माणूस नाही विसरत."

बारा वर्षांत असे सातशेवर फोटो झाले. पहिला माझाच, आमच्या बाथरूममधला, मी दहा वर्षांची असतानाचा.

मामाच्या फोनची काच इतकी तडकली होती की तो चालवताना बोटाला चिंधी बांधायचा. शेवटी त्याच्या मुलीनं आपला जवळपास नवा फोन त्याला दिला. पण तो पार वेगळ्या जातीचा, जुन्यातलं नव्यात आपोआप जाईना. मी करते म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो शहाणा म्हणजे मी.

जुन्या फोनमध्ये एक ॲप घातलं, नव्यावर आलेला आकडा जुन्यात टाकला आणि दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पट्टी पूर्ण भरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असं मामाला दोनदा बजावलं आणि चहा टाकायला गेले. तेवढ्यात जुना फोन वाजला. मामानं आयुष्यात वाजता फोन सोडलेला नाही. गळती लागलेला माणूस दम धरत नाही, असं त्याचं म्हणणं. तो फोन घेऊन गच्चीत गेला, पलीकडच्याला मुख्य कॉक कसा बंद करायचा ते सांगितलं, आणि फोन होता तस्सा परत आणून ठेवला. अगदी सरळ रेषेत.

मी चहा घेऊन आले तर पट्टी गेलेली. नंबर आले होते, मेसेज आले होते, फोटो उघडले तर वरचे चारपाच दिसले. "झालं," मी म्हटलं, आणि जुना फोन तिथल्या तिथे पुसून कोरा केला. फोटो इंटरनेटवर साठवायची सोय मामानं 'डेटा खाते' म्हणून कधीच बंद करून टाकली होती.

चार दिवसांनी तो फोन हातात धरून माझ्याकडे आला. एका शिक्षिकाबाईंच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशी सुतार कपाट टांगणार होता, पाइप कुठून गेलाय ते त्यांना हवं होतं. "जरा बघ गं," तो म्हणाला, "मागचे फोटो कुठं गेले."

दोन वर्षांपेक्षा जुना एकही फोटो नव्हता. मी खोदून विचारलं तेव्हा त्यानं गच्चीतला फोन सांगितला. तपासून न बघता पुसलं ते मी, असं मी रडतच म्हटलं.

"फोन मी उचलला," तो म्हणाला. मग बराच वेळ तो नवा फोन उलटसुलट करत बसला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

सकाळी मीही त्याच्याबरोबर गेले. सुतार ड्रिल घेऊन तयारच होता. एक भोक चुकलं असतं तर सगळी भिंत फोडावी लागली असती, आणि मामाच्या तीस वर्षांच्या शब्दालाही भोक पडलं असतं. त्यानं बाईंना त्यांच्या मुलीला हाक मारायला सांगितलं. पाइप बसवला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता चौदाची, आईच्याही वर गेलेली.

"कुठं हात ठेवला होतास, आठवतं?"

"आठवतं ना. तुमच्या पेटीवर उभी होते. खिडकीच्या कडेला माझी हनुवटी टेकत होती."

हत्यारांची पेटी तीच होती. मामानं ती खिडकीशी सरकवली. मुलगी चढली, गुडघे वाकवून हनुवटी कडेला टेकवली आणि हात लांब केला.

"जरा आखड," मामा म्हणाला. "हातही वाढलाय तुझा."

तिनं हात आखडला. मामानं तिथं पेन्सिलीनं फुली मारली आणि दोन्हीकडे वीतभर सोडून भोकं पाडायला सांगितलं. पहिल्या भोकातून पांढरी, कोरडी धूळ आली. दुसऱ्यातूनही. चौथं झालं तेव्हा मला कळलं की मी बाईंचं हात पुसायचं फडकं पिळत उभी आहे. मामानं नव्या फोनवर मुलीचा फुलीवर हात ठेवलेला फोटो काढला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो जुनी घरं हिंडतो. सुरुवात आमच्यापासून केली. त्याच संध्याकाळी आला आणि म्हणाला, "चल, बाथरूममध्ये उभी राहा." मी उभी राहिले, पण हात कुठं ठेवला होता ते मला काही केल्या आठवेना. मामानं माझं मनगट धरलं, खांदा दाबून मला खाली बसवलं आणि माझा तळहात भिंतीवर टेकवला. जागा क्षणभरही शोधली नाही.

"एवढीशी होतीस," तो म्हणाला.

"तुला सगळं पाठ आहे," मी म्हटलं, "मग फोटो हवेत कशाला?"

"मी नसेन तेव्हा पाइप कुठं शोधशील?" तो म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. "हलू नकोस."