पोचे आलेली ताटं

सुकटवाली दारात टोपली उतरवून "काय देऊ?" असं कधी विचारायची नाही. विचारायची, "आज कोन जेवला न्हाय तुमच्यात?" मला या प्रश्नाची चीड यायची. सुकट विकायला आलीस, सुकट विक. पण बाई उत्तनच्या कोळीवाड्यातली. गळ्यात सोन्याचा क्रॉस, आणि आवाज असा की आमच्या नवघरच्या अख्ख्या बिल्डिंगला पुरावा. लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून धापा टाकतही पहिला प्रश्न तोच. समोरच्या घरातले लोक वास नको म्हणून धाडकन दार लावायचे. ती हसून ओरडायची, "लावा लावा! वास काय बेल मारून येतो काय?"

खरी किळस यावी असं आमच्या घरात होतं, आणि त्याला वास नव्हता.

माझी नात तन्वी, पंधरा वर्षांची. वर्षभरात तिचं जेवण तुटलं. मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात तिला थांबवून विचारायच्या, "किती छान बारीक झालीस गं! काय करतेस, आम्हाला पण सांग की." त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटायचं. सूनबाईने दृष्ट काढली, टॉनिकं आणली, शेवटी मनाच्या डॉक्टरणीकडे नेलं. डॉक्टरणीने विचारलं, "घरात लहानपणापासून काही त्रास, भीती?" माझा मुलगा म्हणाला, "काही नाही हो, लाडात वाढलीय." मी बाजूला बसलो होतो. मी मान डोलावली. ती डोललेली मान आठवली की आजही घास तोंडात फिरतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं बफिंग केलं, भांडी घासून चकाकवली. घरातली ताटं माझ्या हातची, तोंड दिसेल अशी. चांगलं ताट लादीवर ठेवलं की हलत नाही, असं मी येईल त्याला सांगायचो.

एकदा सुकटवालीने जवळा मोजून द्यायला ताट मागितलं. सूनबाईने दिलं. तिने ते लादीवर ठेवलं, ते डगडगलं. "दुसरा दे." तेही डगडगलं. बाईने सातही ताटं मागून घेतली आणि दारात ओळीने मांडली. प्रत्येकाच्या काठाला पोचा. कुणाला एक, कुणाला तीन.

"ही ताटं कोन फेकतो?"

मी म्हणालो, "हल्ली पत्रा पातळ येतो."

"पत्रा तुजा, आणि मलाच सांगतोस?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "माजा बाप फेकायचा. कालवणात मीठ कमी, का फेक. मी पाच वर्षांची, दाराआड उभी र्‍हायची. आता नातवंडं झाली, तरी भांडा पडला का माजा घास गल्यात थांबतो."

आतून तन्वी कधी आली कळलं नाही. ती सुकटवालीला म्हणाली, "आधी आजोबा पेला आपटतात. मग पप्पा ताट फेकतात. मी पेल्यालाच ताटावरून उठते."

एवढंच. डॉक्टरणीला महिनाभरात जे सांगितलं नाही, ते सुकट विकणाऱ्या बाईला उंबऱ्यात सांगितलं. आणि मला राग कुणाचा आला? पोरीचा! दारात घराची अब्रू काढली म्हणून. इतका मी घाणेरडा.

त्या दिवसापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सुकटवाली आमच्या जिन्यात बसून जेवायला लागली. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. डब्याचं प्लास्टिकचं झाकण तन्वीपुढे सरकवायची. "ह्यो आपटला तरी आवाज न्हाय." खा म्हणायची नाही. सूनबाई आशेने बघत उभी राहिली की दटावायची, "पोरीच्या ताटात बघू नको गं. ज्याने त्याने आपल्या ताटात बघावा." कधी पोरगी दोन घास खायची, कधी नुसती तिच्या खांद्याला टेकून बसायची. मध्ये एकदा सलाईनही लावावं लागलं. पण डॉक्टरणीकडे ती स्वतःहून जायला लागली, बोलायला लागली.

मला मात्र बाईने सोडलं नाही. "पोरीची माफी माग, म्हाताऱ्या."

"मी कुणाची माफी मागत नाही."

"मंग बस तुजा चकचकीत तोंड ताटात बघत."

मुलाला मी बजावलं, यापुढे या घरात ताट उडालं तर बघ. तो म्हणाला, "शिकलो कुठे, बाबा?" त्याची आई कालवण वाढायची तेव्हा तो मोरीच्या दाराशी उभा असायचा. पाच-सहा वर्षांचा.

गेल्या पावसाळ्यानंतर सुकटवाली आली नाही. गुडघे गेले असतील म्हटलं. मग तिच्या मुलीचा तन्वीला फोन आला. छातीत दुखलं, दोन दिवसांत गेली. आम्ही उत्तनला जाऊन आलो. तिथे तन्वी रडली नाही. घरी आली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. सोमवार गेला नुसत्या पाण्यावर.

मंगळवारी दुपारी मी तीन पोचे असलेलं ताट काढलं, भात-आमटी वाढून घेतली आणि जिन्यात, बाईच्या पायरीवर जाऊन बसलो. गुडघे कुरकुरले. समोरचं दार उघडून बंद झालं. बऱ्याच वेळाने मागे पावलं वाजली. तन्वी दोन पायऱ्या वर बसली.

मी मागे न बघता म्हणालो, "यातला पहिला पोचा माझा आहे. तुझे पप्पा पाच वर्षांचे होते. आणि पेला... तोही मीच. चुकलो मी."

ती उठून आत गेली. संपलं, असं मला वाटलं. मग परत आली. प्लास्टिकचं काहीतरी पायरीवर ठेवल्याचा बारीक आवाज झाला. सुकटवालीच्या डब्याचं झाकण आमच्याकडेच राहिलं होतं.

मी मान वळवली नाही. माझ्या ताटात बघत जेवत राहिलो.