ज्यानं मडकं धरलं त्याचं शेत

सोलापुरात विडी कामगारांच्या चाळीत आमची एक खोली होती. आई दारात बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळायची, थोरली अक्का शाळा सोडून तिच्या शेजारी बसायची आणि मी तंबाखूच्या वासात पाढे म्हणायचे. अक्काला शाळा आवडत नव्हती असं नाही. दोघींपैकी एकीलाच शिकवणं झेपणार होतं आणि अक्काचा हात भराभर चालायचा, एवढंच. हे सगळं चालू असताना तिकडं आमच्या गावी, मंद्रूपला, वडिलांच्या वाट्याचं शेत दरसाल पिकत होतं, आणि त्यातल्या ज्वारीचा एक दाणा आमच्या घरी येत नव्हता.

आई जाऊन दोन महिने झाले. भेटायला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, "फार सोशिक होत्या." मी ऐकून घेतलं. आता लिहितेच... माझी आई सोशिक नव्हती. तिला फसवलं होतं, आणि ज्या दिवशी ते तिला कळलं त्या दिवसापासून शेवटपर्यंत ती संतापलेली होती. तिला सोशिक म्हणणाऱ्यांत आमचे चुलतेही होते. त्यांच्यापुढं चहाचा कप मी आदळूनच ठेवला.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा मायाळू होते, आम्हाला खांद्यावर घेऊन आठवड्याचा बाजार फिरवायचे. पण शेवटच्या आजारात आईनं भीत भीत म्हटलं, "पोरींच्या नावानं कायतरी लिवून ठिवा की," तर चवताळून म्हणाले, "मला आत्ताच घालवायला निघालीस व्हय?" असलं काही लिहून ठेवलं की मरण जवळ येतं, अशी त्यांची समजूत. लिहिलं नाही, तरी पंधरा दिवसांत गेलेच. त्या माणसावर माझा जीव होता, आणि त्या एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्याकडं तिरडीपुढं विस्तवाचं मडकं मुलगा धरतो. मुलगा नसेल तर पुतण्या. आणि जो मडकं धरतो तोच शेताचा वारस, हे गावात सगळे धरूनच चालतात. दादांचं मडकं दत्तूनं, म्हणजे चुलत्यांच्या मुलानं धरलं. नंतर वारसाचं पागोटंही त्याच्याच डोक्यावर बांधलं. तलाठ्याच्या कागदावर एकट्या चुलत्यांचं नाव राहिलं. आईनं एका शब्दानं विचारलं नाही, कारण तिलाही ते खरंच वाटत होतं! मुलींना मडकं धरता येत नाही, म्हणजे मुलींना शेत नाही. पुढं घरात आमच्या भाकरीवरून टोमणे सुरू झाले, तेव्हा ती आम्हा दोघींना घेऊन सोलापूरला आली.

बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी मी बी. ए. झाले. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी, पुरुषांतसुद्धा, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. त्याच वर्षी कॉलेजच्या लायब्ररीत वारसा कायद्याचं एक मराठी पुस्तक हाताला लागलं. माणूस गेला की त्याच्या वाट्यावर त्याच्या बायकोचा आणि मुलींचा हक्क, असं त्यात सरळ छापलं होतं. घरी येऊन आईला वाचून दाखवलं. तिचा हात थांबला.

"परत वाच."

परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

"म्हंजे... मडक्याचं कुटंच लिवलं न्हाय?"

"कुठंच नाही."

"मग चौदा वर्सं मला कुणीच कसं सांगितलं न्हाय?" असं म्हणून तिनं मांडीवरचं सूप असं भिरकावलं की तंबाखू दाराबाहेर गेली. आईला ओरडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या आठवड्यातच आम्ही तिघी मंद्रूपच्या चावडीत गेलो. तलाठी कागद बघतोय तोवर चुलते आले. "मडकं माझ्या पोरानं धरलं, सगळ्या गावानं बघितलंय. आता ही कालची पोर आमाला कायदा शिकवती व्हय? शिकवा आनकी पोरींना!"

आई उभी राहिली. "भावजी, मडकं धरून दत्तू वढ्याकाठच्या मसनापातूर चालला. मी ह्या दोघींना घिऊन चौदा वर्सं चालले. शेत चालन्यावरच मिळत असंल तर माजं नाव आदी लिवा."

चावडीतले लोक हसले, पण नाव काही लागलं नाही, म्हणून आम्ही दावा लावला. कोर्टात चार वर्षं गेली. तारखेला गावचे साक्षीदार शपथेवर मडक्याचीच गोष्ट सांगायचे. शिकलेसवरलेले पाहुणे घरी येऊन मला समजवायचे, "चुलत्यांशी भांडू नये, उद्या माहेर तुटेल." माहेर! ज्या माहेरानं माझ्या बहिणीची शाळा खाल्ली ते तुटलं तर बरंच, असं मी तोंडावर सांगितलं. निकाल आमच्या बाजूनं लागला, निम्मं शेत वेगळं होऊन आम्हा दोघींच्या संमतीनं आईच्या एकटीच्या नावावर लागलं, आणि तरी आई खूश झाली नाही. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "चला वकिलाकडं."

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या आमच्या वकिलांनी हसून विचारलं, "बाई, मृत्युपत्राची एवढी घाई कशाला? चांगल्या धडधाकट आहात की."

"आमच्या मालकाला बी घाई वाटत नव्हती," आई म्हणाली. "लिवा तुमी."

तिनं अंगठा दिला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, सरकारी शिक्का बसला. परत येताना म्हणाली, "आता माजं मडकं कुनीबी धरू दे. दत्तूला हौस असंल तर त्याला धरू दे." आणि खरंच, तिच्या वेळी दत्तूच पुढं झाला. कुणालाही न विचारता! अक्कानं माझा हात दाबून धरला. मी गप्प राहिले, पण त्या गप्प राहण्याला कुणी सोशिक म्हणू नये.

बाराव्यानंतर आम्ही तलाठ्याकडं मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र दिलं. चुलत्यांनी हरकत घेतली, ती टिकली नाही. परवा सातबाऱ्याचा नवा उतारा मिळाला. आईच्या नावाला कंस पडलाय, माणूस गेलं की पडतो तसा. खाली दोन नावं आहेत, अक्काचं आणि माझं. अक्काचं वर आहे.