चिखलासकट आणलेलं कासव

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या आमच्या पट्ट्यात मानोंग तिबोवाचून एकाही शेताची नांगरणी पार पडत नाही. फाळ झिजला, दांडा वाकला, पातं तुटलं, की नेऊन त्याच्या आंब्याखाली टाकायचं. मानोंग म्हणजे थोरला दादा. वय अडुसष्ट, गुडघे कामातून गेलेले, तोंड शाबूत. समोर कौतुक केलं तर हाकलून देईल, म्हणून इथे करते.

त्याचं एकच रडगाणं, की लोक यंत्र धुऊन आणतात. आता आमच्याकडे दुसऱ्याच्या अंगणात कोणी चिखलाच्या पायांनी जात नाही. मग चिखलाचं यंत्र कसं नेणार? घासूनपुसून, नवरीसारखं नेतात. मीही तेच करत आले, उगाच शहाणपणा कशाला सांगू!

गेल्या हंगामात फेलिंगचं कासव बिघडलं. कासव म्हणजे चिखलावर तरंगत जमीन कालवणारं यंत्र. पुढे लोखंडी पात्यांचं चाक, मागे माणूस. फेलिंग लोकांची शेतं भाड्याने कालवते, घर त्यावरच चालतं. डाव्या बाजूचं बेअरिंग दोनदा फुटलं, दोनदा तिबोने बदललं. मंगळवारी तिसऱ्यांदा फुटलं. शनिवारी कालव्याचं पाणी बंद होणार होतं आणि पाच शेतं बाकी होती. पाणी गेलं की जमीन आवळणार, आणि पाचही गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे जाणार.

तिने लखलखीत कासव आंब्याखाली उतरवलं.

"पुन्हा आंघोळ घातलीस?" तिबो ओरडला.

"मग काय मानोंग, घाण तुमच्या दारात आणू?"

"आण! मी फुटलेलं बदलतोय, आणि ते का फुटतं ते तू बादलीभर पाण्याने धुऊन टाकतेस."

"तुम्हाला सापडत नाही म्हणून माझ्यावर खापर नका फोडू. लोक म्हणतायत, म्हाताऱ्याला दिसेनासं झालंय."

"लोकांना म्हणावं, तुमचे फाळ तुम्हीच जोडा. हे घे, नवं बेअरिंग बसवून देतो. अर्धं शेत कालव आणि आहे तस्संच घेऊन ये. फडकं जरी लावलंस तर हात लावणार नाही."

दुपारी ती आली. तिच्या मावशीने लाजेपोटी यंत्रावर पोतं टाकलं होतं. गल्लीतली पोरंटोरं खिदळत मागे. तिबोने पोतं काढलं, चिखल उन्हात कडकडीत वाळू दिला, मग इंजिन चालू केलं. सगळीकडचा चिखल धरून राहिला, फक्त सांगाड्याच्या डाव्या सांध्यावरून केसाएवढ्या रेषेत झडायला लागला.

"हे बघ, इंदाय," पोरीला हाक मारावी तसं तिबो म्हणाला. "सांधा चिरलाय. जोर आला की उघडतो, कणा तिरपा होतो आणि मार बेअरिंग खातं."

फेलिंग वाकून बघत राहिली. "म्हणजे आधीची दोन उगाच गेली?"

"ती माझी चूक. पहिल्याच दिवशी तुला, चिखलासकट आण म्हणून, परत पाठवायला हवं होतं. पण तू इतकं घासून आणलं होतंस, परत पाठवायला मन होईना."

त्याने सांधा घासला, वेल्डिंग केलं, वर जाड पट्टी जोडली. बुधवारी सकाळी कासव पुन्हा चिखलात.

शनिवारी दुपारी पाचवं शेत, म्हणजे माझं, उरकलं. बेअरिंग शाबूत. तिकडे कालव्याचं पाणी अडवणारी फळी खाली आली, तेव्हा फेलिंग बांधावर भात आणि सुके मासे खात बसली होती. तिबो लंगडत आला.

"या मानोंग, बसा."

तो बसला. यंत्राचा विषय दोघांनीही काढला नाही. मासे खारट झाले होते, त्यावरच बराच वेळ वाद घालत बसले.