उशिरा मिटणारी पाकळी

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या कारखान्यात नोरीनचं काम एकच. गाईच्या हृदयावरच्या पातळ पापुद्र्यापासून हाताने शिवलेली हृदयाची कृत्रिम झडप कोमट पाण्यात धडधडवायची आणि वेगवान कॅमेऱ्याने टिपलेली तिची उघडझाप पडद्यावर सावकाश बघायची. त्या दिवशी एका झडपेची तिसरी पाकळी किंचित उशिरा मिटत होती. टाके डिलियाचे होते. तीस वर्षांत तिची एकही झडप बाद झाली नव्हती, आणि शुक्रवारी ती निवृत्त होणार होती.

शेरा लिहिण्याआधी नोरीनने तिलाच बोलावलं. शिवणाऱ्या बायकांना आपली झडप चालताना कधी बघायला मिळत नसे.

“अगं बाई, ही तर मला डोळा मारतेय!” डिलिया हसली. मग मान पुढे करून बघतच राहिली. “तो टाका मी उसवून परत घातला होता. जास्त ओढला गेला वाटतं.”

“मग काय लिहू गं?”

“विचारतेस काय? बाद लिही. कुणाच्या तरी छातीत जायचीय ती.” डिलियाने खुर्ची ओढली. “आता माझी एखादी चांगली लाव. चालते कशी, ते बघू तरी दे!”