भागक्काचा कलघटगी पाळणा

भागीरथीबाई मालतकरांना राजाजीनगरातली सगळी मराठी मंडळी भागक्का म्हणत. तिचे यजमान कृष्णाजी मालतकर यांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळं तिच्या मराठीत निम्मं कानडी असायचं. ठेंगणी, रुंद बांध्याची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कुणाच्या घरी दिवस गेलेत हे तिला त्या घरातल्या सासूच्याही आधी कळे, कारण त्या घरचं माणूस तिच्याकडं पाळणा सांगून ठेवायला आलेलं असे.

पाळणा कलघटगीचा. धारवाडकडच्या त्या गावात लाकडी पाळण्यांवर लाखेचे रंग चढवून देवादिकांची चित्रं काढतात. भागक्काच्या पाळण्यावर कृष्णाच्या लीला होत्या. एका फळीवर लोणी खाणारा, एकीवर गोवर्धन उचललेला, पायथ्याला गाई, वरच्या दांड्यावर लाकडी पोपट. तिची पहिली तीन मुलं वर्षाच्या आत गेली. चौथ्या खेपेला तिच्या वडिलांनी हा पाळणा करवून आणला आणि त्यात निजलेला शामसुंदर जगला. झालं! या पाळण्यात निजलेलं लेकरू हाती लागतं अशी ख्याती झाली. भागक्का पै घेत नसे. मात्र पाळण्याला पाण्याचा हात लावायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, लाख सुटते. एकदा बांधला की मूल रांगू लागेपर्यंत रिकामा करायचा नाही. या गोष्टीच्या आदल्या वर्षी सरकारी फवारणीवाले घरोघर भिंतींवर औषध मारत आले, तेव्हा हिनं पाळणा धोतरात गुंडाळून अंगणात नेऊन ठेवला. "माझ्या कृष्णाच्या तोंडावर डीडीटी? अय्यो, हात झडतील!"

शामसुंदरनंतर वीस-बावीस वर्षं तो पाळणा या घरातून त्या घरात फिरत होता आणि इतक्या वर्षांत एकदाही धुतला नव्हता. नुसतं लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो.

आमच्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या बिऱ्हाडांत, समोरच्या खोलीत लक्ष्मीदेवी राहायची. निपाणीची पोर. नवरा श्रीकांत यशवंतपूरच्या एका कारखान्यात कारकून. तिची पहिली मुलगी चार महिन्यांची होऊन गेली होती. चटईवर निजवलेलं मूल सकाळी तापानं फणफणलेलं सापडलं, आणि तिसऱ्या दिवशी संपलं. त्यामुळं दुसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हा तिनं माझा हात धरून म्हटलं, "मावशी, काहीही करा, पण मला भागक्कांचा पाळणा मिळवून द्या. याला मी जमिनीला टेकवणार नाही."

तो मीच मिळवून दिला. घोड्याच्या जटक्यातून पाळणा आला, मागून भागक्का. बारशाला तिनं खणखणीत आवाजात पाळणा म्हटला, बाळाचं नाव गुंडू ठेवलं. मी कृष्णाला हात लावून नमस्कार केला. बोटांना कुजक्या कोथिंबिरीसारखा वास आला. म्हटलं, जुन्या लाखेचा असेल.

चार दिवसांत गुंडूच्या मानेवर, पोटावर लाल गांधी उठल्या. एका ओळीत तीन, पुन्हा एका ओळीत चार. लक्ष्मीदेवी घाबरली. भागक्का आली, बाळाला उलटं-पालटं केलं आणि हसली.

"सटवाई खेळवते गं त्याला. तिच्या बोटांचे ठसे हे. प्रत्येक लेकराला उठतात या पाळण्यात. भाग्य लागतं!"

लक्ष्मीदेवीचा चेहरा उजळला. मला मात्र ते पटेना. पाचवीची पूजा मी माझ्या सगळ्या मुलांची केली आहे. देवी लेकराच्या कपाळी लिहायला येते, हे मी मानते. पण लिहायला आलेली देवी पोराला ओरबाडून जाईल? मी तसं म्हटलंही. भागक्का म्हणाली, "तू फार पोथ्या वाचतेस कृष्णे. स्वल्प कमी वाच."

गांधींच्या पुळ्या झाल्या, पुळ्यांतून पाणी यायला लागलं. पोर झोपेना. डोळा लागला की दचकून किंचाळायचं. दूध ओढता ओढता थकून तोंड बाजूला करायचं. महिन्याभरात त्याच्या मांड्यांचं कातडं लोंबायला लागलं. श्रीकांतनं डॉक्टरांकडं नेलं, तर त्यांनी गुलाबी औषध लावायला दिलं आणि म्हणाले, डास फार आहेत, मच्छरदाणी लावा.

माझ्या मुलांची जुनी मच्छरदाणी होती. ती घेऊन गेले तर भागक्का तिथंच बसलेली.

"पांढरं कापड टाकता? जिवंत लेकरावर? आणि देवांवर? मढं झाकताय काय?"

लक्ष्मीदेवीनं लगेच हात मागं घेतला. मी घरी जाऊन मच्छरदाणी हळदीच्या पाण्यात बुचकळली, वाळवली, आणि पिवळीजर्द करून परत आणली. भागक्कानं नाक मुरडलं, पण हळदीला नाही कसं म्हणणार? "सरी, बांधा," म्हणाली.

मी स्वतः बांधली. कडा पाळण्याच्या तळाखाली खोचल्या, आत एक डास राहिला नाही याची खात्री केली. सकाळी पाहते तो बाहेर जाळीवर डास उपाशी बसलेले, आत एकही नाही, आणि गुंडूचं अंग आदल्या दिवसापेक्षा जास्त फुललेलं. लंगोटावर रक्ताचे टिपके. गोधडीच्या कोपऱ्यावर काळे ठिपके, शाईची दौत झटकल्यासारखे.

बाहेरून काही आलेलं नव्हतं. म्हणजे चावणारं आतच होतं.

लक्ष्मीदेवी पोराला घेऊन पाजायला बसली होती. मी केसातला आकडा काढला आणि गोवर्धन उचललेल्या कृष्णाच्या पाठीमागं, दोन फळ्या जिथं एकमेकींत बसवल्या होत्या त्या फटीत घालून ओढला. आकड्याबरोबर जे बाहेर आलं ते सांगायची सोय नाही, पण सांगते. तट्ट फुगलेले, काळेलाल ढेकूण एकावर एक चढलेले. त्यांच्या वाळलेल्या साली. पांढरी अंडी, साबुदाण्याच्या चुऱ्यासारखी. एक ढेकूण माझ्या नखाखाली फुटला आणि बोट रक्तानं माखलं. ते रक्त गुंडूचं होतं. आणि तो वास! कुजक्या कोथिंबिरीचा! मी अंगणातल्या मोरीशी पोचेपर्यंतसुद्धा धीर धरवला नाही, पायरीवरच ओकले. ज्या हातानं पाळण्याला नमस्कार केला होता तो हात राखेनं घासला, तरी तुळशीला पाणी घालायची हिंमत होईना. पुन्हा डोक्यावरून अंघोळ केली.

येऊन लक्ष्मीदेवीला आकडा दाखवला. "काढ पोराला यातून. आत्ता काढ."

ती पाहत राहिली. आधी आकड्याकडं, मग पोराकडं. पण म्हणाली, "नाही मावशी."

"अगं, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय. पण पोरगी चटईवर होती. तिला काही चावलं नव्हतं. ती गेली. हा पाळण्यात आहे, जिवंत आहे. चावू देत. मी रात्रभर बसून वेचीन एकेक. पण पाळणा रिकामा करून मी याला खाली ठेवणार नाही."

तिचा राग करावा असं वाटेना. किळस त्या किड्यांची आली त्याहून जास्त या विश्वासाची आली. देवाच्या चित्रामागं घाण जमवायची, लेकरं तिच्या तोंडी द्यायची आणि वर देवीचं नाव घ्यायचं! पण लक्ष्मीदेवीला माझं पटणार नव्हतं. तिला फक्त भागक्कानं मोकळं केलं असतं. मी तशीच मालतकरांकडं गेले आणि भागक्काला घेऊन आले.

भागक्कानं आकड्याकडं पाहिलं. "हे तुमच्या वठारातले. भिंतीतून शिरले असणार. माझ्या घरून गेला तेव्हा पाळणा लखलखीत होता."

"बरं," मी म्हटलं, "हे कालचे बिऱ्हाडकरू. मग या साली कुणाच्या? अंडी कुणाची? देवांच्या पाठीला हा काळा थर कधीचा? चार आठवड्यांत एवढा संसार थाटला यांनी?"

"तोंड सांभाळ कृष्णे."

"मी सांभाळते. तू तिला स्पष्ट सांग, ही सटवाई आहे. या पाळण्यावर हात ठेवून सांग. मी पुन्हा बोलणार नाही."

भागक्कानं हात उचलला. दांड्यापर्यंत नेला. आणि तिथंच थांबली. मग खाली बसली, भिंतीला पाठ टेकून, एकदम म्हातारी दिसायला लागली.

"शामसुंदरला पण चावायचे," ती म्हणाली. "मी दिवा घेऊन पाहिलेलं. ठाऊक होतं मला."

"ठाऊक होतं?"

"माझ्या पहिल्या तिघांना मुंगीसुद्धा चावू दिली नाही मी. वारा लागू दिला नाही. तिघंही गेली. हा एकटा ढेकणांनी फोडून काढलेला, रात्रंदिवस रडणारा, हा जगला. मला वाटलं, घेत असेल देवी तिचा वाटा. द्यावा. हात लावला आणि काही झालं तर? म्हणून नाही लावला. मग दुसऱ्यांची जगली, तिसऱ्यांची जगली... आता कसं सांगायचं लोकांना, की आत काय आहे?"

 गुंडू कुरकुरत होता. लक्ष्मीदेवीनं त्याच्या मानेवरचा ओला फोड पदरानं टिपला.

"म्हणजे देवी नव्हेच, अक्का?"

भागक्कानं मान हलवली.

"देवी असती तर सोसलं असतं मी," लक्ष्मीदेवी म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. "तिनं मागितलं असतं ते दिलं असतं. पण ढेकणांना? ढेकणांना पोसायला पोटात वाढवला मी याला? मावशी, तुमची जुनी साडी द्या. झोळी बांधते. आणि हा पाळणा आधी बाहेर काढा. माझ्या दारात नको."

मी साडी आणली. गुंडूला झोळीत घातलं, वरून पिवळी मच्छरदाणी सोडली. पाळणा आम्ही दोघी-तिघींनी अंगणात ओढला. न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्याखाली जाळ पेटलेलाच होता. पाणी उकळून आल्यावर मी हात जोडले, म्हटलं, देवा, तुझ्या पाठीमागची घाण काढते आहे, रागावू नको. तेवढ्यात भागक्का उठून आली आणि माझ्या हातातला चेंबू, उकळत्या पाण्याचा तांब्या, काढून घेतला.

"दे इकडं. माझा आहे तो."

पहिला चेंबू तिनंच ओतला. लाख मऊ पडली, कृष्णाची निळाई ओघळून गाईंवर आली. मग फटीफटीतून ते बाहेर पडायला लागले. निळ्या-पिवळ्या पाण्यात तरंगणारे, पाय झाडणारे, टच्च भरलेले ढेकूण. पोपटांच्या पोटाखालून निघाले, दांड्याच्या भोकातून निघाले. शेजारच्या कानडी बाई "तिगणे! तिगणे!" असं ढेकणांच्या नावानं ओरडत पोरांना घरात ओढू लागल्या. एवढ्या बायकांनी या पाळण्याची ओटी भरली होती, त्या ओटीचे वाळके तांदूळसुद्धा त्यांच्यात तरंगत होते. मी तोंडाला पदर लावून घासलेट ओतत होते. भागक्कानं मात्र पदर लावला नाही. चेंबूवर चेंबू रिकामे करत राहिली. मेलेले ढेकूण पायाशी साचले तरी हलली नाही.

गुंडू त्या दुपारी झोपला. एवढा झोपला की लक्ष्मीदेवी तीनदा त्याच्या नाकाशी बोट धरून आली. मग ओल्या फोडांवर खपल्या धरल्या, त्या गळाल्या आणि पोर दूध मागायला लागलं. भागक्का रोज येऊन झोळीत डोकावायची.  मच्छरदाणीची कड नीट खोचायची आणि जायची.

पाळणा तिनं घरी नेला, पुसून उभा केला. नुसतं लाकूड राहिलं होतं. मधेच कुठं एखाद्या गाईचा पाय, पोपटाची चोच. स्वच्छ होता. मी स्वतः प्रत्येक फटीत आकडा घालून पाहिला होता.

दोन महिन्यांनी यशवंतपूरच्या ठकुबाई आल्या. सून आठव्या महिन्यात होती. मी तेव्हा भागक्काकडंच बसले होते. ठकुबाईंनी पाळणा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

"अगंबाई! देव कुठं गेले, अक्का?"

"वाहून गेले," भागक्का म्हणाली. "उकळतं पाणी घातलं. ढेकूण होते. आता एक नाही. खुशाल ने."

"शी! ढेकूण? यात? लेकरं निजवायच्या पाळण्यात?" ठकुबाई दोन पावलं मागं सरल्या, पदर सावरला. "नको बाई. पेठेत एका बाईकडं आहे म्हणतात कलघटगीचाच, चित्रं अगदी शाबूत. तिकडं बघते. असला घाणेरडा पाळणा आमच्या घरी नको."

"त्या पेठेतल्याच्या फटी बघ आधी. आकडा घालून बघ."

"देवांना आकडे टोचत नाही आम्ही!" असं म्हणून ठकुबाईंनी चपला घातल्या. कुंकूसुद्धा लावून घेतलं नाही.

त्या फाटकाबाहेर जाईपर्यंत भागक्का पाहत होती. मग माझ्याकडं वळली.

"हिच्या तिन्ही पोरांची बारशी याच पाळण्यात झालीत गं," ती म्हणाली, आणि कुंकवाचा करंडा उचलून आत गेली.