तसली एकच होती

एखाद्याच्या नुसत्या 'हूं'वर अख्खी गल्ली विश्वास ठेवते म्हणून तुमचा कधी जळफळाट झाला आहे? माझा झाला आहे. लातूरच्या क्लासच्या गल्लीत रॅमवाल्या मामूंवर जेवढा भरवसा होता, तेवढा बोर्डाच्या निकालावरही नव्हता. मी घसा फोडून कंपन्यांविरुद्धची पत्रकं वाटायचो, लोक त्यांत शेंगदाणे बांधायचे. मामू बिघडलेल्या कॉम्प्युटरला कान लावून 'हूं' म्हणायचे आणि क्लासवाले सर लोक शिष्यासारखे माना डोलवायचे.

भूकंपानंतर मामूंनी स्लॅबखाली बसणंच सोडलं होतं. दुकान पत्र्याचं. "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, स्लॅब पडला तर फोटोला हार!" टेबलावर, हादरा लगेच कळावा म्हणून, पाण्याने काठोकाठ भरलेला पेला असायचा. गिऱ्हाइकाने तावातावाने टेबलावर हात आपटला, की मामू आधी पेल्याकडे बघत, मग दाराकडे, मग गिऱ्हाइकाकडे.

माझा कॉम्प्युटर रांगायला लागला, तेव्हा मी बजावलं, मेमरीची पट्टी लोकलच हवी. लुटारू कंपन्यांचा माल माझ्या घरात येणार नाही.

"लोकल हँग होतंय, लेखकसाब."

"तत्त्व हँग होत नाही, मामू!"

"हाव. पर मशीनला कुठं तत्त्व हाय?" म्हणत त्यांनी बिनस्टिकरची एक पट्टी बसवली.

मशीन पळायला लागलं. मी 'लोकलचा विजय' असं पत्रक काढलं आणि पहिली प्रत मामूंच्याच पत्र्यावर डकवली. "लई भारी लिवलंय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक लोकांनी मनावर घेतलं. "लेखकाला टाकली तसली द्या," म्हणत सर लोक आले. मामू पेल्याकडे बघत म्हणाले, "तसली एकच होती."

माझं नाव होतंय, ते मामूंना बघवत नाही, असं मी गल्लीभर सांगत सुटलो.

पुढे नांदेडला राहायला आलो. इथल्या मेकॅनिकने डबा उघडला आणि हसला. "ही पट्टी तर कंपनीची हाय की! चिपवर नाव हाय. स्टिकर कोन खरवडलं? त्याच्यावरच तर वॉरंटी असती."

माझ्या तत्त्वाला ओरखडा नको, म्हणून मामूंनी स्वतःच्या मालाची हमी नखाने खरवडून टाकली होती. आणि वर मी केलेली बदनामी मुकाट ऐकली होती. हेवा अजून वाटतो, पण आता त्यांच्या 'हूं'चा नाही, त्यांच्या मनाचा.

ते पत्रक अजून तिथेच आहे म्हणतात. लातूरला गेलात, तर तेवढं फाडून टाका. मामूंच्या हातून ते निघायचं नाही.